घरी केलेला मोल्क्की : आठ महिने खेळल्यावर

मोल्क्की हा फिनलंडचा खेळ. 1 ते 12 आकडे घातलेले बारा लाकडी खुंट उभे करायचे आणि साडेतीन मीटरवरून दांडका फेकायचा. एकच खुंट पडला तर त्यावरचा आकडा मिळतो, जास्त पडले तर जितके पडले तितकेच गुण. बरोब्बर 50 व्हायला हवेत. वर गेलात की थेट 25 वर परत. तयार संच न घेता मी हातकरवतीने घरीच केला, त्याला आता आठ महिने झाले.

खुंट 15 सेंमी उंच, 6 सेंमी जाड, डोकं 45 अंशांत तिरकं. दांडका साडेबावीस सेंमी. बारा गुणिले पंधरा असा सरळ हिशोब करून मी उगाच जास्त लाकूड आणलं. कापायला बसल्यावर ट्यूब पेटली : 24 सेंमीच्या तुकड्यात मधोमध एकच तिरका काप मारला की एकाची उंच बाजू दुसऱ्याच्या आखूड बाजूला लागून दोन खुंट होतात, वाया काही जात नाही. करवतीने खाल्लेलं धरूनही पावणेदोन मीटर पुरलं.

खरी कसोटी बुडाची. खुंट कापायच्या गोल दांड्यावर गुण्या (काटकोन आखायचं साधन) नीट बसत नाही, त्यामुळे माझे पहिले तीन खुंट डुगडुगतात. नंतर सरळ कडेच्या कागदाची पट्टी दांड्याभोवती घट्ट गुंडाळली, थर एकावर एक जुळवले आणि त्या कडेने पेन्सिल फिरवली. पुढचे सगळे काप सरळ आले. डुगडुगणाऱ्यांचं बूड पटाशीने मध्ये किंचित खोलगट केलं. दोन सुधारले, सात नंबरचा नाही.

घासणं, गुळगुळीत करणं यात मी दोन रविवार घालवले. निम्म्याने पुरलं असतं. दांडक्याच्या माराने ती सफाई महिन्याभरात गेली.

लाकूड पाणी पितं ते कापलेल्या तोंडांतून, हे ओल्या गवतात रात्रभर राहिलेल्या खुंटांनी शिकवलं. बुडं काळी पडली, आणि मधोमध गाभा असलेले चार खुंट वाळताना तडकले. आता दोन्ही तोंडांना जवसाचं तेल लावते. (तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.) आकड्यांचा रंगही त्याच तोंडांत फुटला. आधी वार्निशचा हात देऊन मग आकडे काढायला हवे होते.

मध्यंतरी टिकाऊ म्हणून कठीण लाकडाचा दांडका केला. तो टिकला, पण खुंटांच्या कडांचे टवके उडाले. पुन्हा खुंटांच्याच लाकडाचा केला.

पडलेला खुंट पडल्या जागीच उभा करायचा असल्याने पट पांगत जातो. शेवटी सात-आठ मीटरवरचा एकटा खुंट टिपायचा असतो, आणि तो सात नंबरचा निघाला की वाऱ्याने पडला की दांडक्याने, यावर भांडण ठरलेलं. बदलू म्हटलं तर घरातलं कोणी बदलू देत नाही.