‘टेक इट डाउन’ : फोटो न मागता फोटो हटवू पाहणारी सेवा

आपला नग्न किंवा अर्धनग्न फोटो कोणाच्या तरी हाती लागला आहे आणि तो आज ना उद्या सगळीकडे फिरणार, या धास्तीत असलेल्या मुलाला सर्वांत अवघड जाते ते घरी सांगणे. अमेरिकेतील ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा नेमकी ही अडचण ओळखून बेतलेली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती जाहीर झाली. आरंभीचा निधी मेटा कंपनीने दिला होता. भारतातूनही ती वापरता येते. परीक्षणासाठी मी तिची माहिती आणि सूचना बारकाईने वाचल्या. खोटी नोंद करणे गैर असल्याने प्रत्यक्ष नोंद मात्र केली नाही.

सेवेचे मर्म असे, की ती फोटो मागतच नाही. मूल आपल्या फोनमधील किंवा संगणकातील फाइल निवडते, त्या फाइलवरून तिथल्या तिथे अंक-अक्षरांची एक साखळी तयार होते, जिला हॅश म्हणतात, आणि फक्त ती साखळी संस्थेकडे जाते. फोटो यंत्राबाहेर पडत नाही. अंगठ्याच्या ठशावरून जसा माणसाचा चेहरा काढता येत नाही, तसाच या हॅशवरून फोटो पुन्हा उभा करता येत नाही. सहभागी कंपन्यांना हे ठसे दिले जातात आणि जुळणारा फोटो आपल्या मंचावर आढळल्यास त्या तो हटवू शकतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, युबो, ओन्लीफॅन्स आणि पॉर्नहब हे पहिले सहभागी. टिकटॉक आणि स्नॅपचॅट नंतर आले. फोटो काढताना वय १८ पेक्षा कमी असणे एवढीच वयाची अट आहे, त्यामुळे आज पंचविशीत असलेली व्यक्तीही तेव्हाच्या फोटोसाठी नोंद करू शकते. नाव सांगण्याची सक्ती नाही. आपल्याकडे साध्या अर्जालाही आधारची झेरॉक्स जोडावी लागते, त्या पार्श्वभूमीवर हे विशेष वाटते.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. फोटो कातरला किंवा त्यावर इमोजी चिकटवला, तर ठसा बदलतो आणि नव्या प्रतीची वेगळी नोंद करावी लागते. मूळ फाइल मुलाकडे नसून केवळ धमकावणाऱ्याकडेच असेल, उदाहरणार्थ व्हिडिओ कॉल चालू असताना त्याने चोरून चित्रण केले असेल, तर ठसा घ्यायचा कशाचा, हा प्रश्न उरतोच. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव म्हणजे व्हॉट्सअॅपच्या गप्पांसारख्या कूटबद्ध, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येणाऱ्या, संदेशांपर्यंत ही सेवा पोहोचत नाही. शाळेच्या वर्गाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, गावाचा ग्रुप, अशाच वाटेने फोटो फिरत असेल, तर तेथे तिचा उपयोग नाही.

ही सेवा म्हणजे पोलीस तक्रार नव्हे, हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते, त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच. माहिती-तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी तर अशा खासगी फोटोंबाबत खुद्द पीडित व्यक्तीची किंवा तिच्या वतीने कोणाची तक्रार आल्यास तो मजकूर २४ तासांत हटवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले होते. ‘टेक इट डाउन’ याच नावाचा एक कायदा अमेरिकेत मे २०२५ मध्ये झाला. तो वेगळा, ही सेवा वेगळी. इंटरनेटवर शोधताना दोन्हींची सरमिसळ होते.

येथे एक अनुषंगिक गोष्ट. मुलाने सांगितल्यावर ‘पाठव बघू मला’ म्हणणारे काका, मामा आणि शिक्षक कमी नसतात, आणि त्यांचा हेतू चांगलाही असतो. परंतु मुलाचा असा फोटो पुढे पाठवणे हा माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा ठरू शकतो, आणि मुलाच्या दृष्टीने तो फोटो आणखी एका परक्या फोनमध्ये जाऊन बसतो. धमकीचे संदेश, खात्याचे नाव आणि दुवा जपून ठेवावा. फोटो कोणालाही पाठवू नये. फोटो न मागण्याचा जो संयम या संकेतस्थळाने पाळला आहे, तो घरातल्या मोठ्यांना पुष्कळदा जमत नाही.

पाचपैकी चार गुण मी देईन. एक गुण व्हॉट्सअॅपच्या उणिवेमुळे कापला आहे. कूटबद्ध संदेश तिसऱ्या कोणालाच वाचता येऊ नयेत हे मलाही मान्य असल्याने तो कापताना हात थोडा अडखळला.