तीन कार्डांचा सिप प्रॉक्सी: बाहेरचा रस्ता कर्नलनं ठरवावा की आपण?

इंदूरला सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याचा फोन सर्व्हर माझ्याकडे आहे. त्यावर कामायलिओ चालतो, म्हणजे इंटरनेट कॉलचे संदेश (सिप) पुढे पोचवणारा प्रोग्रॅम, सिप प्रॉक्सी. नेटवर्क कार्डं तीन: एक दुकान-गोदामाच्या फोनांसाठी, दोन बाहेरच्या दोन ऑपरेटरांसाठी. अशी मांडणी करताना कॉल कुठल्या कार्डातून बाहेर जावा याची निवड नीट केली नाही, तर पहिला कॉलच अडकतो. काहीच सांगितलं नाही, तर ज्या सॉकेटवर (कार्डाचा आयपी पत्ता आणि पोर्ट) रिक्वेस्ट आली त्याच सॉकेटवरून कामायलिओ ती पुढे पाठवतो. मग इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा संदेश, आतल्या नेटवर्कचा १९२.१६८ चा पत्ता घेऊन बाहेर पडतो आणि उत्तर कधीच येत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे 'एमहोम्ड' चालू करणं. एवढी एक ओळ लिहिली, की अमुक पत्त्यावर जायला कुठला आयपी वापरू, हे तो दर वेळी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) राउटिंग टेबलला, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या वाटेनं याच्या यादीला, विचारतो. या विचारण्याला थोडा वेळ जातो, म्हणून मुळात ते बंद असतं. दुकानाच्या कॉलसंख्येला तो फरक जाणवतसुद्धा नाही. आत एक कार्ड आणि बाहेर एक असेल, तर मी पुढे काही शोधणारच नाही. पण कर्नलला फक्त कुठे जायचं ते कळतं. दोन्ही ऑपरेटरांचे पत्ते डिफॉल्ट राऊटनेच (वेगळी वाट न नेमलेल्या सगळ्यांच्या वाटेनंच) जात असतील, तर दोघांचे कॉल एकाच कार्डातून निघतात. निदान प्रत्येकासाठी वेगळा स्टॅटिक राऊट, म्हणजे हातानं नेमलेली वाट, तरी हवाच.

दुसरा मार्ग, कामायलिओच्या स्क्रिप्टमध्ये 'फोर्स सेंड सॉकेट' लिहिणं, म्हणजे कुठल्या सॉकेटवरून पाठवायचं ते आपणच सांगणं. यात ताबा पूर्ण आपला असतो, पण लक्षात ठेवायच्या जागा फार. एकदा सकाळी ऐन ऑर्डरींच्या वेळी पहिली लाइन पडली. फेल्युअर राऊटनं (कॉल फसल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टच्या भागानं) कॉल दुसऱ्या ऑपरेटरकडे वळवला, पण तिथे सॉकेट बदलायचं मी विसरलो होतो. एसएनग्रेपमध्ये (सिप संदेश दाखवणाऱ्या साधनात) इन्व्हाइट उघडला, तर व्हाया ओळीत, म्हणजे उत्तर कुठे पाठवायचं ते सांगणाऱ्या ओळीत, चुकीच्या कार्डाचा पत्ता! पलीकडून एकही कॉल स्वीकारला जात नव्हता आणि व्यापारीकाका फोन धरून माझ्याकडे बघत उभे होते.

तेव्हापासून दोन ऑपरेटर असले, की मी डिस्पॅचरकडे, कामायलिओच्या कॉल वाटून देणाऱ्या भागाकडे, वळतो. गेटवेच्या (ऑपरेटरांच्या सर्व्हरांच्या) यादीत प्रत्येकापुढे त्याचा सॉकेट लिहायचा. पुढचा गेटवे निवडला, की सॉकेटही त्याच्याबरोबर बदलतो. नेमलेला सॉकेट एमहोम्डच्या वर चालतो, म्हणून खाली एमहोम्डही चालू ठेवतो.

काहीही निवडा, रेकॉर्ड-राऊट (कॉलचे पुढचे संदेश प्रॉक्सीतूनच जावेत म्हणून जोडलेला पत्ता) दुहेरी राहू द्या. आतला आणि बाहेरचा दोन्ही पत्ते त्यात असले, तरच पुढचे एसीके (कॉल जोडल्याची पोच) आणि बाय (कॉल संपवणारा संदेश) नीट पोचतात. पब्लिक आयपी राउटरवर असेल, तर लिसनच्या ओळीत, जिथे कामायलिओनं कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते लिहितात, बाहेर दाखवायचा पत्ता सांगणारं 'ॲडव्हर्टाइज' हवंच. नाहीतर बाहेरून आलेला कॉल जोडला जातो, एसीके हरवतो आणि ३२ सेकंदांनी फोन कटतो. लिनक्सचा 'आरपी फिल्टर', म्हणजे पॅकेट त्याच्या परतीच्या वाटेच्या कार्डावरच आलं ना हे तपासणारी सोय, कडक असेल, तर दुसऱ्या लाइनवरून आलेली पॅकेटं तो मुकाट टाकून देतो, तेही आधीच बघून घ्या.

लिसनची ओळ बदलली, की रिस्टार्ट लागतो. तो मी सियागंजातली शटरं पडल्यावरच करतो. डिस्पॅचरची यादी मात्र भर दुपारी, कॉल चालू असतानाही पुन्हा लोड होते.