कागद खरा होता, ढेप खोटी होती

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. खांदशेकणी आटोपली, बैलजोडीला "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून झालं आणि मी हात धुवायला वळले, तोच गोठ्यातून सासूबाईंची हाक आली. तांबडी गाय दावं तोडून सरकीची ढेप (पेंड) भिजवायच्या टाक्यापाशी उभी होती. टाकं चाटूनपुसून रिकामं. अर्ध्या तासात तिच्या तोंडाला फेस आला, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली आणि अंगभर थरथर सुटली.

हे कसं झालं ते सांगते. पांढरा छोटा हत्ती टेम्पो आणि गोड बोलणारा माणूस तुमच्याही दारी येऊ शकतो.

आम्ही नागपूरजवळ काटोल रोडवर, फेटरीच्या पुढे राहतो. नऊ दुभत्या गायी, एक बैलजोडी. दूध दाभा-गिट्टीखदानकडच्या घरांना जातं. सरकी ढेप इतकी वर्षं कळमेश्वरच्या एका दुकानातून यायची, 50 किलोचं पोतं 1,900 रुपयांना. श्रावण लागला आणि हा माणूस आला. "काकू, ऑइल मिलमधून डायरेक्ट माल आहे, मधात दलाल नाही. 1,550 ला देतो. एक पोतं ठेवून जातो, चारून तं पाहा, मंग पैसे द्या." ते पोतं खरोखर अव्वल होतं. पिवळसर, सरकीचा वास मारणारं, बोटांना तेल लागणारं. गायींनी टोपली चाटून काढली.

चौथ्या दिवशी तो कागद घेऊन आला. प्रयोगशाळेचा शिक्का, खाली सही, मधे ठळक ओळ: क्रूड प्रोटीन 24 टक्के. मी बीएस्सीचं पहिलं वर्ष केलेली बाई. कागद आपल्याला वाचता येतो, या तोऱ्यानेच माझा घात केला. 20 पोत्यांचे 31,000 रुपये मोबाइलवरून आगाऊ दिले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. "आमचे मुनीम आहेत जी," म्हणाला. बिल मागितलं तर म्हणे, "बिलावर जीएसटी लागते, तुमचंच नुकसान." गुरांना घालायच्या सरकी ढेपेवर जीएसटीच नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

पोती आली. पहिल्याच दिवशी गायींनी नुसतं हुंगलं आणि माना फिरवल्या. मी फोन लावला. तो हसला. "नवा माल आहे काकू, दोन दिवस गूळपाणी टाका, लागतील." टाकलं. गायी खाऊ लागल्या. म्हणजे जिभेने नाकारलेलं मी गोड करून त्यांच्या गळी उतरवलं.

सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण संध्याकाळी गोठ्यात बसून कोणती गाय किती रवंथ करते हे त्या न बघता, नुसत्या आवाजावर सांगतात. आठवड्याभरात म्हणाल्या, "सूनबाई, गायी बसतात पण तोंड हालत नाही." धडधाकट गाय दिवसातले सहा-आठ तास रवंथ करते, बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त चघळताना दिसल्या पाहिजेत. आमच्याकडे नवातल्या दोन. पुढे गोवऱ्या थापताना त्यांनी तळवा माझ्यासमोर धरला. बारीक चरे. "शेणात रेती लागते." मी म्हटलं, पावसाचे दिवस आहेत, अंगणातली असेल. दूधही रोज पाव-अर्धा लिटर उतरत होतं, ते मी माश्यांच्या माथी मारलं. 24 टक्के प्रोटीन खाणाऱ्या गायीचं दूध ढेपेमुळे कसं उतरेल?

त्या संध्याकाळी पोळ्याच्या गडबडीत गायींचं खाणं दोन तास लांबलं. तांबडी उपाशी होती. टाक्यात 18 किलो ढेप भिजत होती, नऊ गायींचा एका वेळचा वाटा. मी ढेप उपसून टोपल्यांत भरली आणि तळाचं गढूळ पाणी टाक्यातच ठेवलं. एरवी ते सगळ्यांना थोडं थोडं वाटून जातं. तांबडीने ते एकटीने ओढलं.

शेजारचे काका धावत आले. "खायचा सोडा पाजा, पोटफुगी आहे." डबा हातात घेतला तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. त्यांचा पहिला प्रश्न, "कोणी पुरणपोळी चारली का?" पोळ्याच्या आसपास त्यांच्याकडे तसलीच जनावरं जास्त येतात. पुरण, पोळी, भात एकदम पोटात गेला की कोठीपोटात (गायीच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात) आम्ल वाढतं, आणि तिथे सोडा चालतो. मी टाक्याचं सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "सोडा अजिबात देऊ नका. मिळेल तेवढं व्हिनेगर आणून ठेवा, आणि बाटलीने पाजायला जाऊ नका, फुप्फुसात जाईल. मी निघालो."

व्हिनेगर कुठून आणायचं? मुलाने चौकातल्या चायनीजच्या ठेल्यावरून पाच बाटल्या आणल्या. डॉक्टर पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्यांनी नळी घालून आधी वायू काढला, मग व्हिनेगर, मग बादल्यांवर बादल्या गार पाणी सोडलं. फ्रिजमधला बर्फसुद्धा त्यात गेला. रात्री दोनला तांबडी उठून उभी राहिली आणि मुतली. आम्ही सगळे अंगणात बसून ते असं बघत होतो, जणू लॉटरी लागली.

मग डॉक्टरांनी टाक्याच्या तळाला बोट फिरवलं आणि मला माझ्या कागदाचा अर्थ सांगितला. प्रयोगशाळा क्रूड प्रोटीन काढते म्हणजे प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. युरियात 46 टक्के नायट्रोजन. म्हणजे 1 किलो युरिया कागदावर जवळपास 2.9 किलो प्रोटीन होऊन बसतो. 100 किलोतली अर्धी ढेप काढून धानाचा तूस आणि रेती भरली, की प्रोटीन 24 वरून 12 वर येतं. त्या भरतीतला 4 किलो युरिया असला की कागद पुन्हा साडेतेवीस दाखवतो. शेतीच्या युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं. म्हणजे हा चमत्कार जेमतेम 24 रुपयांत. कागदावर खोटं काहीच नव्हतं, ही सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

युरिया मुळात विष नाही, हेही सांगायला हवं. कोठीपोटातले जंतू युरियाचा अमोनिया करतात, आणि सोबत दाणा-पिठासारखं खाद्य असलं तर त्या अमोनियापासून स्वतःचं प्रोटीन बनवतात. पुढच्या पोटात गाय तेच पचवते. म्हणून 100 किलो खुराकात 1 किलोपर्यंत, नीट मिसळून चालतो. कुटारावर (सुक्या चाऱ्यावर) 100 किलोला 4 किलो युरियाची प्रक्रिया करतात, पण ते 21 दिवस हवाबंद ठेवून. आमच्याकडे 4 टक्के, तोही पाण्यात विरघळलेला. जंतूंना वापरायला वेळच मिळत नाही, अमोनिया रक्तात जातो आणि यकृताला आवरत नाही. आमचं गूळपाणी तीन आठवडे जंतूंना थोडा हात देत होतं, म्हणून बाकीच्या गायी नुसत्या मलूल राहिल्या. हिशेब करा: 18 किलोचे 4 टक्के म्हणजे 720 ग्रॅम. त्यातला बराचसा त्या पाण्यात, आणि ते सगळं एका उपाशी गायीच्या पोटात. व्हिनेगर अमोनियाला आंबटात अडकवतं, गार पाणी जंतूंचा वेग कमी करतं. सोड्याने उलटच झालं असतं.

त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पहिला प्रश्न, "बिल आहे का?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, नागपुरात मारबत (इडापिडा घेऊन जाणारा पुतळा) निघाली, मुलगा मोबाइलवर दाखवत होता. मी म्हटलं, त्या ढेपवाल्यालाही घेऊन जा गे मारबत. तांबडी तिसऱ्या दिवशी रवंथ करू लागली, पण 11 लिटरवरून 4 वर आलेलं दूध या वेतात काही परत चढलं नाही. उरलेली 6 पोती भावाच्या संत्र्याच्या बागेत खत म्हणून गेली.

आता मी कळमेश्वरच्या त्याच जुन्या दुकानात जाते, पण पिशवीत दोन काचेचे ग्लास आणि कच्च्या सोयाबीनचं पीठ असतं. पोत्याच्या तोंडची नाही, मधली मूठभर ढेप काढायची आणि दोन्ही ग्लासांत कोमट पाण्यात कालवायची. रेती तळाला बसते, तूस वर तरंगतो, ते लगेच दिसतं. मग एका ग्लासात दोन चमचे पीठ टाकून झाकायचं. पीठ भाजलेलं नको. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिया फोडणारं एंझाइम असतं, भाजलं की ते मरतं. युरिया असेल तर अर्ध्या तासात झाकण काढताच नाकात झिणझिण्या येतात. दुसऱ्या ग्लासाला तो वास नसतो.

पहिल्यांदा ग्लास मांडले तेव्हा दुकानदार दुखावला. "काकू, बारा वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही, आमच्यावर भरवसा नाही?" मी म्हटलं, "आहे ना भाऊ. अर्धा तास बसते." त्याने चहा सांगितला. सासूबाई सोबत होत्या, स्टुलावर बसून ग्लासाकडे टक लावून. अर्ध्या तासाने त्यांनीच झाकण काढलं, नाक लावलं, आणि म्हणाल्या, "पाच पोती टाक रे गाडीत. आणि बिल दे."