शेत अर्धेलीने घ्यावं की खंडाने?

शेजाऱ्याचं शेत कसायला मिळतंय, पण अर्धेलीने (पीक मालकासोबत निम्मं-निम्मं वाटून) घ्यावं की खंडाने (मालकाला ठरलेली रक्कम देऊन), असं एकाने विचारलं.

आधी जोखीम पाहा. अर्धेलीत पीक बुडालं तर नुकसान दोघांचं. खंडाची रक्कम मात्र पाऊस येवो न येवो, द्यावीच लागते. उलट पीक जोरात आलं तर खंडात वरचं सगळं कसणाऱ्याचं. अर्धेलीत जास्तीच्या कष्टाचाही अर्धा मोबदला मालकाकडे जातो, आणि खरी भांडणं बी-खताच्या खर्चावरून होतात. ती वाटणी पेरणीआधीच, साक्षीदारांसमोर बोलून घ्या.

हिशेब खंडात सोपा. जमिनीची निगा मुदतीवर ठरते. एका वर्षासाठी शेणखत कोण टाकणार?

हाती पैसा नसेल, पाणी बेभरवशाचं असेल, तर अर्धेली. विहिरीला पाणी आणि गाठीला रक्कम असेल तर खंड, तोही निदान तीन वर्षांचा मागा.