आव पडल्यावर कुड्याची साल: घ्यावी का, आणि कुठली?

चिपळूण-रत्नागिरीकडे काष्ठौषधींच्या दुकानांत कुड्याची साल सुट्या तुकड्यांत मिळते, नाहीतर चूर्णाच्या पुडीत. तुकडेच घ्या. चूर्णात काय दळलंय ते कळत नाही, आणि औषधी पांढऱ्या कुड्यात काळा कुडा हे दुसरंच झाड मिसळणं ही जुनी भेसळ आहे.

पांढऱ्याची साल जाड, खडबडीत, आतून दालचिनीच्या रंगाची. मोडली की कचकन तुटते, तुटलेली कड रवाळ दिसते. कण जिभेवर ठेवला की कडू जहर, आणि ती चव लवकर जात नाही. काळ्याची साल गुळगुळीत, तांबूस, कडूपणा नावाला. रानातून आणणाऱ्यांनी शेंगा पाहाव्यात: पांढऱ्याच्या जोडशेंगा टोकाला सुट्या, काळ्याच्या कोवळ्या असताना चिकटलेल्या.

काढ्याला 20 ग्रॅम जाडी भरड, 320 मिली पाणी. झाकण न ठेवता मंद आचेवर 80 मिली उरवायचं, गाळून दोन वेळा विभागून घ्यायचं. बारीक पूड वापरली तर काढा गाळलाच जात नाही, नुसता चिखल होतो.

आता पुडीवरच्या ‘अमीबा समूळ नष्ट’ या दाव्याचं. अमीबा म्हणजे आव आणणारा एक सूक्ष्म जीव. सालीतलं कोनेसीन हे औषधी द्रव्य 1858 सालीच वेगळं काढलं गेलं, आणि अमीबाला ते मारतं हे खरं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमीबाच्या आवेवर कुड्यापासून बनवलेलं कुर्ची बिस्मथ आयोडाइड भारतातले डॉक्टरही देत. पण शुद्ध कोनेसीनच्या मोठ्या मात्रेत झोप उडणं, भ्रम होणं असे त्रास दिसले. शिवाय सालीतलं त्याचं प्रमाण झाडागणिक बदलतं. आजच्या कसोटीच्या मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचं पाठबळ या काढ्यामागे नाही, त्यामुळे ‘समूळ’ हा शब्द पुडीवर छापणं चूकच. डॉक्टर मेट्रोनिडॅझोल या अमीबावरच्या गोळीनंतर डायलोक्सानाइड हे दुसरं औषध देतात ते आतड्यात उरलेल्या अमीबाच्या सिस्टसाठी, म्हणजे कवचातल्या सुप्त अमीबांसाठी. त्या कामासाठी काढ्याच्या भरवशावर राहू नये.

शौचात रक्त आणि सोबत ताप असेल तर बहुधा शिगेला हा जिवाणू असतो. तेव्हा थेट दवाखाना. उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला तर यकृतात गळू असू शकतो. मुलांना आणि गरोदर बाईला हा काढा नकोच. घरात कुड्याच्या फुलांची भाजी चालते म्हणून सालही निर्धोक, असा हिशोब करू नका. आणि काहीही घेतलं तरी जलसंजीवनी आधी: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

साल उन्हाळ्यातच घ्या. आषाढात किनाऱ्याच्या दमट हवेत तुकड्यांच्या आतल्या बाजूला पांढरी बुरशी धरते. तसा एकही तुकडा दिसला तर अख्खी पुडी परत करा.