प्ले जिम घ्यावं का? लेकीच्या पहिल्या वर्षातला आमचा अनुभव

लेक दीड महिन्याची असताना आम्ही प्ले जिम घेतलं. गोल गादी, तिच्यावर दोन कमानी, कमानींना लटकणारी खेळणी आणि पायाशी बॅटरीवरचा छोटा पियानो. आता ती अकरा महिन्यांची आहे. कमानी केव्हाच माळ्यावर गेल्या, गादी मात्र रोज पसरली जाते. वस्तू उपयोगी आहे, पण खेळण्यांपेक्षा त्या निमित्ताने जमिनीवर मिळालेल्या मोकळ्या वेळासाठी.

पहिले दोन-तीन महिने लटकणाऱ्या खेळण्यांकडे तिने फारसं पाहिलं नाही. एवढ्या लहान बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तितक्या अंतरावरचं. आमच्या कमानी त्याहून उंच. शिवाय खेळणी फिकट गुलाबी, फिकट निळी. आपल्याला ती गोड वाटतात, पण तिची नजर खिळायची सोबत आलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी पुस्तकावर. जादा कड्या जोडून आम्ही खेळणी खाली आणली, तेव्हा कुठे ती पाहू लागली.

खरी मजा साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास आली. हात हलता हलता मूठ घंटीला लागली आणि घंटी वाजली. ती एकदम थांबली, डोळे मोठे झाले. पुन्हा हात उडवला, चुकला, मग लागला. ‘मी मारलं की वाजतं’ हे तिला उमगत होतं, आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत होतो. यासाठी मी या वस्तूला पूर्ण गुण देईन. पियानोने हे साधलं नाही. पाय कुठेही लागला तरी तीच लांबलचक धून, तीही कर्कश. आम्ही तो काढूनच टाकला.

पालथं झोपवून खेळवण्याबद्दल जास्त लिहायला हवं. न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी, दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. मान, खांदे, पाठ यांना त्याने बळ येतं. (झोपवताना मात्र उताणंच.) आमची लेक आधी मिनिटभरात रडायची. छातीखाली टॉवेलची गुंडाळी दिली, समोर गादीबरोबर आलेला आरसा ठेवला, तरी सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आजीचा. आजी स्वतः तिच्यासमोर आडवी व्हायची आणि तोंडासमोर पदर धरून ‘कुक्क’ करायची. तो चेहरा शोधायला मान वर व्हायची. गादी फार मऊ असल्याने तिचे तळवे रुतायचे, म्हणून पुढे आम्ही सतरंजीवर घडी केलेलं दुपटं घालून खेळवलं. हातांवर रेटा द्यायला ते जास्त बरं पडलं.

ती रांगायच्या पवित्र्यात येऊ लागली, तशा कमानी काढल्या. धरून उठायला गेली असती तर सगळंच अंगावर आलं असतं. मग राज्य स्वयंपाकघराचं! स्टीलची वाटी, डब्याची झाकणं, लाकडी चमचा. चमचा दुपट्याखाली लपवला की आधी ती तो विसरून जायची. आठ महिन्यांच्या आसपास दुपटं ओढून शोधू लागली. हल्ली ताटातलं भाताचं एकेक शीत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरते, आणि त्यात तिचा इतका वेळ जातो की आमचं जेवण आटोपतं.

तक्रारही आहे. काही धुण्यांनंतर गादीच्या कडेची शिवण सुटली आणि धागे निघाले. असे धागे बाळाच्या बोटाभोवती आवळले जाऊ शकतात, म्हणून दर धुण्यानंतर कडा तपासायच्या. विक्रेत्याने बदलून दिली नाही.

घेणार असाल तर आयएसआय खूण बघा. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ती सक्तीची आहे. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. पियानोवाल्या महागड्या संचापेक्षा साधी घट्ट गादी, एक घंटी, एक आरसा एवढं असलेला घ्या. उरलेल्या पैशांत चाकांचा, आत बसवायचा वॉकर मात्र आणू नका. अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. ढकलत चालायचा लाकडी पांगुळगाडा वेगळा, पण तोही बाळ स्वतः धरून उभं राहायला लागल्यावरच, आणि कुणीतरी शेजारी असताना.