कुशनवाले शूज: जुनं मॉडेल घ्यावं की नवं?

नवं मॉडेल दुकानात आलं की जुन्यावर घसघशीत सूट लागते आणि घेणाऱ्याची पंचाईत होते. मी धावण्याच्या एकाच शूजची लागोपाठची दोन मॉडेलं वापरली आहेत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अलीकडे सगळ्यांचाच कल एका दिशेला आहे. होकाच्या क्लिफ्टनमध्ये ८ वरून ९ वर जाताना पायाखाली ३ मिलिमीटर फोम वाढला. नाइकीच्या पेगॅसस ४१ ला रिअ‍ॅक्टच्या जागी रिअ‍ॅक्टएक्स फोम आला. असिक्सच्या निंबसचं टाचेला बाहेरून दिसणारं, धक्का झेलणारं जेल २०२३ च्या २५ व्या मॉडेलपासून आत गेलं, आणि फोमचा थर जाड झाला. सोल उंच होतोय, मऊ होतोय, आणि बऱ्याच मॉडेलांत वरचं कापडही गुबगुबीत होतंय.

मऊपणात नवं मॉडेल सरस, यात वाद नाही. लाँग रननंतर जिना उतरताना पोटऱ्या तेवढ्या भरून येत नाहीत, हा त्याचा मोठाच गुण. जुन्याचा फोम थोडा घट्ट आहे, पण पाऊल कुठे पडलं ते कळतं. आपल्याकडच्या खालीवर झालेल्या पेव्हर ब्लॉकवर मला तेच बरं वाटतं. वेगात मला तरी फरक जाणवला नाही.

माझा निर्णय झाला तो बूट वाळण्यावरून.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. म्हणजे तयारीचा पाया भर पावसातच घालावा लागतो, आणि सांताक्रूझची नुसत्या जुलैची सरासरी ९०० मिलिमीटरच्या वर आहे. वरळी सी फेसला सर आली की बूट भिजणारच. तिथे दोन्ही मॉडेलं सारखीच. फरक कळतो घरी आल्यावर. जुन्याचं वरचं कापड पातळ जाळीचं आहे आणि टंग, म्हणजे लेसखालची जीभ, फक्त पुढच्या टोकाला शिवलेली आहे. लेस सैल केली की ती पूर्ण बाहेर उलटते. इनसोल काढायचा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ओले झाले की बदलायचे आणि बूट पंख्याखाली आडवे टाकायचे. पहाटे फार तर किंचित दमट लागतात.

नव्याची टंग दोन्ही बाजूंनी अस्तराला शिवून टाकली आहे. त्यामुळे धावताना ती सरकत नाही, हे मान्य. पण ती उलटतही नाही, आणि बोटांकडच्या भागात वारा पोचतच नाही. टाचेभोवतीची गादी तर पाणी धरूनच ठेवते. रात्रभर पंखा चालू ठेवून पहाटे त्या गादीवर अंगठा दाबला, तर शिवणीतून पाण्याचे थेंब वर आले. तसाच बूट घालून निघालं की घरी येईपर्यंत टाचेला फोड, आणि दोन दिवसांत असा वास की घरची माणसं बूट दाराबाहेर ठेवायला लावतात. गॅलरीत ठेवावेत तर झड येते. हेअर ड्रायरचा मोह होतो, पण गरम हवेने सोलची चिकटवण सुटू शकते.

दोन जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांना किंवा पावसाळाभर ट्रेडमिलवर धावणाऱ्यांना हा त्रास कदाचित होणारही नाही. गुडघे कुरकुरत असतील तर नवं एकदा घालून बघाच, तसा मऊपणा जुन्यात मिळणार नाही. पण एकाच जोडावर जून ते जानेवारी काढायचे असतील, तर मी जुनंच घेईन. माझा पुढचा जोडही मी जुन्याचाच आणून ठेवला आहे.

जुनं घेताना तारीख मात्र बघा. बऱ्याच कंपन्या ती टंगच्या आतल्या लेबलवर छापतात. गोदामात पडून पडून फोम कडक होतो, म्हणून दोन वर्षांपलीकडचा माल कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेत नाही. मापही पायात घालूनच ठरवा. मॉडेल बदललं की तेही थोडं इकडेतिकडे होतं, आणि मला नव्यात अर्धा नंबर मोठा घ्यावा लागला होता. आठ-नऊ नंबरवाल्यांनी अजून सूट वाढेल म्हणून थांबू नये, ते नंबर आधी संपतात.